गाठ येण्याआधी

पोरांनो, परळला वाडिया हॉस्पिटलच्या रस्त्यावर हाफकिन संस्थेचं आवार आहे ना, तिथली जुनी इमारत म्हणजे एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला. आता हे हाफकिन कोण, ते सांगायचं तर आधी पार सिसिलीच्या समुद्रकाठी जायला हवं.

साल १८८२. मेचनिकॉफ नावाचे रशियन शास्त्रज्ञ तारामाशाचं पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. पिल्लू इतकं पारदर्शक, की अंगात फिरणाऱ्या पेशीही दिसाव्यात. त्यांच्या मनात आलं, याला काटा टोचला तर? बागेतले गुलाबाचे बारीक काटे आणून टोचले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी बघतात तो काय, काट्याभोवती त्या फिरत्या पेशींचा गराडा!

तुमच्याआमच्या अंगातही अशा पांढऱ्या पेशी आहेत. त्या जंतूला वेढतात, गिळतात, पचवतात. गुडघा खरचटला की लाल होतो, ठणकतो, तो त्यांच्यामुळेच. रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पेशी जखमेकडे धावतात. पू म्हणजे बराचसा त्यांतल्या कामी आलेल्या पेशींचाच. मला म्हणून पुवाची कधी किळस वाटत नाही.

याच मेचनिकॉफांचा ओडेसातला विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन.

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस, मूळचे गोव्याचे, यांनी रोग्याच्या अंगावरची गाठ बघितली आणि ओळखलं, हा प्लेग. बघता बघता लोक मुंबई सोडून पळायला लागले.

ती गाठ का यायची? उंदरावरची पिसू पायाला चावली की जंतू कातडीखालच्या लसिकावाहिन्यांतून जांघेतल्या ग्रंथीत पोचायचे. अशा शेकडो ग्रंथी आपल्या अंगात आहेत, जबड्याखाली, काखेत, पोटात. पायाला जखम झाल्यावर जांघेत दुखलं की आजी म्हणते ना, अवधान आलंय, तीच ही ग्रंथी. तिथे दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी वाट बघत असतात आणि खरा चमत्कार त्यांचाच. कुठला जंतू येणार हे ठाऊक नसताना शरीर अशा अगणित पेशी घडवत राहतं, जवळजवळ प्रत्येकीची पकड वेगळी. गिऱ्हाईक यायच्या आधीच शिंप्यानं जगातल्या प्रत्येक मापाचा सदरा शिवून ठेवावा, तसं! जंतू आला की ज्या मोजक्या पेशींच्या पकडीत तो बसतो, त्या एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जातात आणि प्रतिपिंडं नावाची प्रथिनं रक्तात सोडतात. प्रतिपिंडं जंतूला चिकटली की गिळणाऱ्या पेशींना तो सहज धरता येतो.

मग एवढी माणसं का गेली? कारण पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो आणि प्लेग कित्येकांना त्याआधीच नेत असे. शिवाय हा जंतू भारी लबाड. गिळणाऱ्या पेशीच्या आतही तो जगतो, वाढतो आणि तिच्यातूनच ग्रंथीपर्यंत जातो.

हाफकिनसाहेब ऑक्टोबरात मुंबईत आले. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मांसाच्या रश्शावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. हो, तूपच! त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे. भरपूर वाढले की उष्णता देऊन ते मारायचे. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, पण त्याची ओळख पटण्यापुरतं त्याचं रूप शिल्लक राहतं.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे इतरांना देत त्याहून कितीतरी जास्त. ताप भरला, टोचलेली जागा ठणकली. जंतू तर मेलेले होते, मग ताप कशाचा? पांढऱ्या पेशीच अशी रसायनं सोडतात की मेंदू अंग तापवतो. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे राजीखुशीनं पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली. न टोचलेल्यांपेक्षा त्यांच्यात प्लेग कमी झाला. पूर्ण अभय नव्हतं, पण त्या दिवसांत तेवढंही फार मोठं होतं.

बाळांनो, लस स्वतः लढत नाही. लढणाऱ्या पेशी अंगात आधीपासून होत्या, त्यांना वेळ कमी पडत होता. हाफकिनसाहेबांनी तो वेळ मिळवून दिला. लशीनं दुणावलेल्या पेशींपैकी काही आठवण धरून मागे राहतात, खरा जंतू आला की त्या पहिल्यापेक्षा खूप लवकर उठतात. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या बंगल्यात आली, तिथून लाखो लोकांसाठी लस गेली. १९२५ साली संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

आता तुम्ही विचाराल, आजोबा, ही आठवण जन्मभर टिकते का? सगळ्या लशींची सारखी टिकत नाही. प्लेगच्या लशीची काही महिन्यांतच पुसट व्हायची, पुन्हा टोचावं लागे. माझ्या दंडावरचे हे देवीच्या लशीचे वण बघा. ती लस घेतलेल्यांच्या रक्तात पन्नास वर्षांनंतरही आठवण धरणाऱ्या पेशी सापडल्या आहेत. त्या लशीतला विषाणू देवीच्या विषाणूचा सौम्य भाऊबंद, पण जिवंत. दंडावर फोड येऊन तो दिवसचे दिवस तिथे वाढत राहायचा आणि तेवढे दिवस पेशींना त्याच्याशी झुंजावं लागायचं.