रंग डब्यात मिळतो

गेल्या वर्षी आज्जीच्या आल्तारासाठी आम्ही सागाची फळी घेतली. पावसाळा संपता संपता तिच्याखाली पिठासारखा भुसा पडायला लागला. 'साग नव्हताच तो,' असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी फळी उचलली आणि गल्लीतल्या सुतारकाकांकडे नेली.

"आधी रंग बघायचं सोड," काका म्हणाले. "रंग डब्यात मिळतो."

झाड ओळखणं वेगळं. ऐनाची, म्हणजे आपल्याकडच्या मत्तीची, साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. रानात तो लगेच कळतो. पण वखारीत साल कुठली? तिथे फळीचं टोक बघायचं, जिथे खोड आडवं कापलेलं असतं. धारदार पात्याने ते जरासं तासायचं, ओलं बोट फिरवायचं आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग धरायचं. बारीक छिद्रं दिसतात. झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची ती तोंडं. सागात दर वर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला ही छिद्रं मोठी असतात, म्हणून प्रत्येक वलयावर ठिपक्यांची रांग उमटते. आंब्यात आणि फणसात ती सगळीकडे विखुरलेली. मला हे दिसायला तीन दिवस लागले. पहिले दोन दिवस मी नुसतीच मान डोलावत होते.

बाकीचं काम नाकाचं आणि हाताचं. ताज्या तासलेल्या सागाला चामड्यासारखा वास येतो, हाताला तो किंचित तेलकट लागतो. शिसव जांभळट काळी आणि उचलताच जड. साग घनमीटरला सुमारे 650 किलो, तर शिसव 850च्या आसपास.

मग आमची फळी. टोकाला ठिपक्यांच्या रांगा स्पष्ट! म्हणजे सागच. पण पॉलिश खरवडलं तर खाली पांढुरकं लाकूड. "साग खरा, गाभा नाही," काका म्हणाले. किडीला रोखणारी द्रव्यं झाडाच्या मधल्या गाभ्यात साठतात. बाहेरच्या फिकट लाकडात ती नसतात, उलट किड्यांना आवडणारं पिष्ट असतं. दुकानदाराने साग म्हणून सागच दिला, फक्त वरून गाभ्याचा रंग फासला. याला फसवणूक म्हणायचं का, यावर आमच्या घरी अजून वाद चालू आहे.

नवी फळी फणसाची घेतली, टोक मी स्वतः तासून बघितलं. आज्जीला तिचा पिवळा रंग पसंत नाही. हळूहळू तपकिरी होईल, असं काकांनी तिला सांगितलंय.