शेजारचे दुकान आणि नांदेडचा मुनीम

अशी कल्पना करा की लातूरच्या गंजगोलाईतील एका दुकानदाराला शेजारच्या १० क्रमांकाच्या दुकानात चिठ्ठी द्यायची आहे. पण प्रत्येक चिठ्ठी नांदेडच्या मुनीमामार्फतच जावी, असा पेढीचा नियम. मुनीम चिठ्ठी वाचतो आणि नांदेडच्याच गल्लीत १० क्रमांकाचे दुकान शोधू लागतो! शेजारी बिचारा वाट पाहत बसतो.

आमच्या प्रयोगशाळेत नेमके हेच घडले. लंबकाच्या नोंदी ठेवणारा संगणक दहा पावलांवर होता. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१०. परंतु ब्राउझरमध्ये त्याचे पान काही उघडेना. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा! यंत्रच बिघडले असे समजून आम्ही दोन तास घालवले. दोष यंत्रात नव्हता, मार्गात होता.

पुष्कळ महाविद्यालयांत ब्राउझर थेट बाहेर जात नाही. ‘प्रॉक्सी’ नावाचा मध्यस्थ संगणक त्याच्यासाठी पाने आणतो. हाच आपला मुनीम. १९९६ च्या ‘आरएफसी १९१८’ या दस्तऐवजात खाजगी जाळ्यांसाठी पत्त्यांचे तीन गट राखलेले आहेत : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणीही आपापल्या जाळ्यात वापरावेत. म्हणून एकच पत्ता लातुरात आणि नांदेडातही असू शकतो.

पण विंडोजमध्ये ‘स्थानिक पत्त्यांसाठी प्रॉक्सी नको’ अशी खूण आम्ही केली होती. मग चुकले कोठे? संगणक अंतर मोजत नाही. ज्या नावात टिंब नाही, तेवढेच नाव ही खूण स्थानिक मानते. आमच्या पत्त्यात तर तीन टिंबे!

उपाय सोपा निघाला. विंडोजच्या अपवादांच्या यादीत आम्ही १९२.१६८.१.* असे लिहिले. फायरफॉक्सच्या यादीत तारा चालत नाही, तेथे १९२.१६८.१.०/२४ लिहावे. येथे २४ म्हणजे पत्त्याचे पहिले २४ बिट, अर्थात पहिले तीन आकडे, जुळले पाहिजेत. टंकताना अंक मात्र इंग्रजी घाला. पान लगेच उघडले!

तुमच्या शाळेत असा बदल करण्यापूर्वी शिक्षकांना अवश्य विचारा आणि अपवाद गरजेपुरताच ठेवा. नुसता * लिहिलात, तर मुनीमाची नोकरीच गेली!

आता सांगा पाहू : १७२.२०.५.१ आणि १७२.४०.५.१ यांपैकी खाजगी पत्ता कोणता, आणि का?