डोंगरावरील प्रवचन (लेखांक ५) : दिवा कोणासाठी?

मागच्या लेखात मिठाचा दाखला पाहिला. मत्तयच्या पाचव्या अध्यायात त्याला लागूनच दिव्याचा दाखला येतो. येशू शिष्यांना जगाचा प्रकाश म्हणतो आणि दिवा मापाखाली न झाकता दिवठणीवर ठेवायला सांगतो, म्हणजे लोकांना त्यांची सत्कर्मे दिसतील. पण पुढच्याच अध्यायात तो दानधर्म गुप्तपणे करा, असेही बजावतो. एकदा दिसू द्या म्हणायचे आणि लगेच दडवा म्हणायचे, ही विसंगती नव्हे काय? मला तसे वाटत नाही. दिवठणीवर दिवा चढवतात तो घरातल्यांना दिसावे म्हणून. दिव्याची आरास कोणी पाहत बसत नाही. सहाव्या अध्यायात ज्यांच्यावर ताशेरे आहेत, ते दान करताना घेणाऱ्याकडे पाहतच नाहीत, बघ्यांकडे पाहतात. तेव्हा प्रकाशाची कसोटी एकच उरते : त्या उजेडात दुसऱ्याला काय दिसू लागले?

हा अर्थ मी ओढूनताणून काढलेला नाही. येशूचे श्रोते यशया संदेष्ट्याची वचने ऐकत वाढलेले होते. यशयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात देवाचा सेवक राष्ट्रांचा प्रकाश होतो आणि त्याचे काम लगेच सांगितले आहे : आंधळ्यांचे डोळे उघडणे, बंदिवानांना बाहेर काढणे. अठ्ठावन्नाव्या अध्यायात तर उपासतापास करूनही देव ऐकत नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी आहे. भुकेल्याला अन्न, निराश्रिताला घर, उघड्याला वस्त्र द्या, मग तुमचा प्रकाश उगवेल, असा त्याचा आशय आहे. उपदेशाच्या आधी भाकरी येते, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

यावर आक्षेप ठरलेला आहे. आम्ही उजेडात आणि तुम्ही अंधारात, हीच भाषा एकोणिसाव्या शतकातल्या अनेक मिशनऱ्यांनी वापरली, आणि तिच्या पाठीशी राज्यकर्त्यांचा रुबाब होता. हा आक्षेप खरा आहे. त्याला बगल देण्यात अर्थ नाही. पण तो त्या भाषेला लागू पडतो, मूळ दाखल्याला नाही. दाखला ऐकणारे शिष्य स्वतःच रोमच्या अमलाखाली दबलेले, गालीलातले साधे लोक होते. त्यांना इतरांच्या अंधाराचे मोजमाप करायला कोणी सांगितले नव्हते. मागणी होती ती त्यांच्या स्वतःच्या कृतीची.

हा फरक पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर तिथल्याच धर्मभगिनींशी सिद्धान्तांवरून त्या कडाक्याने भांडल्या. पुरोहितांचे जोखड एकदा झुगारल्यावर दुसरे मानेवर घ्यायची त्यांची तयारी नव्हती. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. तिथल्या गोदूबाई नावाच्या विद्यार्थिनीने १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे, हिंदूच राहिल्या. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी संस्था काढली. दिवा एका घरात लागला आणि उजेड कुंपणापलीकडे गेला. तो आपल्याच आवारात कोंडून ठेवायचा असता, तर ही गोष्ट रमाबाईंच्या अपयशात जमा करावी लागली असती.

पण त्याच १८९३ सालचा वाद सोयीस्करपणे विसरून चालणार नाही. सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, असे उघड झाल्यावर रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले. मुली स्वेच्छेने येतात, त्यांना दार बंद करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका. टीकाकारांचा मुद्दा असा की, अन्न आणि निवारा जिच्या हाती, तिच्यासमोर अनाथ मुलीची इच्छा कितपत मोकळी? हा प्रश्न आजही रास्त आहे आणि प्रत्येक ख्रिस्ती संस्थेने तो स्वतःला विचारावा. मात्र त्यावरून रमाबाईंची सारी सेवा हे निव्वळ आमिष होते, असा निष्कर्ष निघत नाही. आमिष दाखवणारा आश्रिताला आश्रितच ठेवतो. रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या मुली आणि स्त्रिया १९०० च्या सुमारास जवळपास २,००० होत्या. त्या शिकत होत्या, छापखाना चालवत होत्या, विणकाम आणि शेती करत होत्या. अंध स्त्रियांना तिथे ब्रेल लिपी शिकवली जाई. स्वतः वाचू शकणारी, स्वतः कमावू शकणारी बाई उपकारकर्तीलाही नाही म्हणू शकते, आणि तिला हे बळ देणारी व्यक्ती ती जोखीम जाणूनच पत्करत असते.

पुढच्या आठवड्यात सहाव्या अध्यायातला दानाचा भाग घेऊ. तोवर वाचकांनी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय एकदा सलग वाचावा.