काळ साठवायला किती बिट? चिनहटच्या एका तारखेवरून

संगणकात वेळ बहुधा एका पूर्णांकाच्या रूपात साठवतात: १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (यूटीसी) किती सेकंद झाले. त्याआधीच्या वेळा ऋण. प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरतात, लीप सेकंद मोजत नाहीत.

लखनौजवळच्या चिनहटची लढाई घेऊ. ३० जून १८५७ रोजी तेथे हेन्री लॉरेन्सच्या फौजेचा पराभव झाला आणि रेसिडेन्सीला वेढा पडला. त्या दिवसापासून १९७० पर्यंत ४१,०९२ दिवस होतात. म्हणून संख्या −३,५५,०३,४८,८००. चिन्हासह ३२ बिटांत −२,१४,७४,८३,६४८ च्या खाली जाताच येत नाही. वरचे बिट गळाले की संख्येत ४,२९,४९,६७,२९६ मिळवल्यासारखे होते आणि उरतात ७४,४६,१८,४९६, म्हणजे ६ ऑगस्ट १९९३! चूक दाखवणारा संदेश येईलच असे नाही, तारीख दिसायला अगदी साळसूद असते. खरा धोका तोच.

पुढच्या टोकाला हीच भिंत १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७ ला आहे. पुढच्या सेकंदाला घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जाते. आज वीस वर्षांचे गृहकर्ज घेणाऱ्याचा शेवटचा हप्ता या भिंतीपलीकडे आहे, म्हणून २०३८ ची वाट पाहण्याची गरज नाही.

६४ बिट घेतले तर? सेकंद मोजल्यास सुमारे २९२ अब्ज वर्षे पुरतात. पण त्याच ६४ बिटांत नॅनोसेकंद मोजले, तर जेमतेम २९२ वर्षे: १६७७ ते २२६२. चिनहट यात बसते, शिवराज्याभिषेक (१६७४) बसत नाही. बिट तेवढेच असतील तर सूक्ष्मता वाढवली की पल्ला घटतो. काहींनी यावर तोड म्हणून सेकंद आणि सेकंदाचा अंश वेगळे ठेवले. एनटीपीच्या चौथ्या आवृत्तीतील १२८ बिटांची रचना अशीच आहे.

मात्र बिटांनी सर्व प्रश्न सुटत नाहीत. १८५७ मध्ये भारतीय प्रमाणवेळ नव्हती. चिनहटचा रेखांश सुमारे ८१° पूर्व, म्हणजे सूर्याची स्थानिक वेळ यूटीसीच्या साधारण ५ तास २४ मिनिटे पुढे. कलकत्त्याची सुमारे ५ तास ५३ मिनिटे. ‘एशिया/कोलकाता’ हे क्षेत्र जुन्या काळासाठी कलकत्त्याचीच वेळ धरते, तेव्हा लढाईची वेळ त्यातून काढल्यास अर्ध्या तासाचा फरक पडतो. भविष्यातही सरकार प्रमाणवेळ बदलू शकते. म्हणून घडून गेलेल्या नोंदीला सेकंदांची संख्या चालेल. पण २०६० साली सकाळी दहाला ठरलेल्या कामासाठी स्थानिक तारीख, वेळ आणि क्षेत्राचे नाव साठवावे, सेकंद त्या वेळच्या नियमाने काढावेत.