जुन्या बँडची मैफल आणि पन्नाशीतले शरीर

४ जुलै २०२५ रोजी वेल्समधील कार्डिफ शहरात ‘ओॲसिस’ या इंग्लंडच्या बँडचा कार्यक्रम झाला. नोएल आणि लियम गॅलाघर हे या बँडमधले दोन सख्खे भाऊ. ऑगस्ट २००९ मध्ये पॅरिसला त्यांचे भांडण विकोपाला गेले, बँड मोडला, आणि पुढे सोळा वर्षे दोघे एका रंगमंचावर आले नाहीत. भाऊबंदकी काही आपल्याकडेच असते असे नाही! ती मिटल्याची बातमी ऑगस्ट २०२४ मध्ये आली आणि तिकिटांसाठी जगभरातून झुंबड उडाली. लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये सुमारे नव्वद हजार माणसे मावतात. तिथे सात कार्यक्रम करावे लागले.

आरोग्याच्या सदरात हे पुराण कशाला, असे वाचक म्हणतील. कारण आहे ते वयाचे. १९९५ साली या बँडचा गाजलेला अल्बम आला, तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात त्याची कॅसेट झिजवणारी मुले आज पन्नाशीत आहेत. त्यांच्याकडे आता पैसे आहेत, पासपोर्ट आहे, आणि बहुतेकांकडे रक्तदाबाची एक तरी गोळी आहे. थोरला गॅलाघर त्या दिवशी ५८ वर्षांचा होता. त्यांचा गिटारवादक बोनहेड याला प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या उपचारांसाठी याच दौऱ्यातले आशिया आणि ऑस्ट्रेलियातले कार्यक्रम सोडावे लागले. ‘जेनेसिस’चा शेवटचा कार्यक्रम मार्च २०२२ मध्ये लंडनला झाला, तेव्हा फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा होता. रंगमंचावरचे आणि समोरचे असे सारेच एकदम वयस्कर झालेले असतात.

गेल्या वर्षी मला हा प्रश्न दोन-तीन जणांनी विचारला. ‘डॉक्टर, जाऊ का?’ घरच्यांची भीती ठरलेली असते, की एवढ्या उत्साहाने ह्यांना तिथेच काही झाले तर? भीती अगदीच निराधार नाही. अतिशय आनंदाच्या प्रसंगानेही हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा पडू शकतो. २०१६ साली झुरिकच्या डॉक्टरांनी भावनिक धक्क्याने असे झालेल्या ४८५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी २० जणांना ते आनंदाने झाले होते. बाकीच्यांना दुःखाने, भीतीने, भांडणाने. म्हणजे आनंद त्यातला लहान वाटेकरी. ज्यांना अलीकडेच हृदयविकाराचा झटका आलेला नाही, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे आणि जिना चढताना छाती भरून येत नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना दाखवून खुशाल जावे, असे माझे मत आहे. मला काळजी वाटते ती भलत्याच गोष्टींची.

पहिली गोष्ट म्हणजे विमानातली खुर्ची. आमच्याकडचे एक गृहस्थ, वय ५२, कारखान्यात इंजिनिअर, सप्टेंबरअखेरीस वेम्बलीला जाऊन आले. त्यांच्या परवानगीने लिहितो. परत आल्यावर चौथ्या दिवशी लंगडत दवाखान्यात आले. म्हणाले, ‘पोटरी धरलीय. दोन तास उड्या मारल्या ना!’ सोबत पत्नी होत्या. त्या म्हणाल्या, ‘उड्या कसल्या, येताना दहा तास हे खिडकीशी जे झोपले ते मुंबईलाच उठले.’ निदान खरे तर त्यांनीच केले. टेप लावून मोजले, तर डावी पोटरी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटरहून जास्त जाड होती आणि दाबली की दुखत होती. त्याच दिवशी डॉप्लर तपासणी केली. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होती. ती सुटून फुप्फुसात गेली असती, तर हा लेख वेगळा झाला असता. आता ते रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत आहेत. त्या निदान तीन महिने घ्याव्या लागतात.

चार तासांहून लांबच्या प्रवासात अशा गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले. तरीही एकूण प्रमाण सुमारे सहा हजारांत एक, म्हणून घाबरून तिकीट रद्द करू नये. दोष विमानाचा कमी आणि न हलण्याचा जास्त. पोटरीचे स्नायू हा पायातला पंप आहे. तो बंद राहिला की रक्त साचते. म्हणून कडेची जागा मागून घ्यावी, दर तासा-दीड तासाने उठावे, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करावेत. फुकट मिळते म्हणून दारू आणि झोप यावी म्हणून गोळी, ही जोडी टाळावी. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतेच ऑपरेशन झाले असेल किंवा वजन फार असेल, तर गुडघ्यापर्यंतच्या दाब देणाऱ्या मोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये.

मधुमेह्यांसाठी थोडे वेगळे गणित आहे. मुंबईहून लंडनला जाताना तुमचा दिवस उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांनी लांबतो. इन्शुलिन घेणाऱ्यांनी त्या लांबलेल्या दिवसाचे वेळापत्रक निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. इन्शुलिन हातातल्या बॅगेतच हवे, कारण खाली सामानात ते गोठू शकते, आणि बॅग हरवली तर प्रश्नच मिटला. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण हुकले की साखर उतरते, आणि कार्यक्रमाच्या दिवशी जेवण हमखास हुकते. त्यात एक मोठी मेख आहे. घाम फुटलेला, हात थरथरणारा, बरळणारा माणूस अशा गर्दीत सरळ दारूडा समजला जातो. तेव्हा खिशात साखर हवी, मधुमेह असल्याची चिठ्ठी हवी, आणि बरोबरच्या माणसाला आधीच सांगून ठेवलेले हवे. अशा ठिकाणी मोठ्या बॅगा आत सोडत नाहीत. औषधांसाठी डॉक्टरांचे इंग्रजी पत्र जवळ असले की हुज्जत वाचते. आणि कृपा करून नवे कोरे बूट घालून जाऊ नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर फोड आल्याचे हॉटेलात मोजा काढल्यावरच कळते.

आता कानाविषयी. पोटरी बरी होते, कान होत नाही, म्हणून हे सविस्तर सांगतो. आपल्या आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. जन्मतः मिळतात तेवढ्याच. मेलेल्या परत उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९४ ला एक तास आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे. रॉकचा कार्यक्रम १०० च्या आसपास किंवा वरच असतो, आणि तो चालतो दोन तास. ‘एसी/डीसी’चा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ साली डॉक्टरांनी सांगितले, की थांब, नाहीतर ठार बहिरा होशील. चालू दौरा सोडून तो घरी बसला. विशेष उपकरणाच्या मदतीने आपल्या बँडबरोबर पुन्हा रंगमंचावर यायला त्याला २०२३ उजाडले.

यावर उपाय फार स्वस्त आहे. कानात घालायची बोंडे, म्हणजे इअरप्लग, नीट बसवली तर आवाज पंधरा-वीस डेसिबलने उतरतो. संगीतासाठीची मिळतात, त्यात सूर बिघडत नाहीत. कापसाचा बोळा मात्र कामाचा नाही. स्पीकरच्या भिंतीपासून दूर बसावे आणि मधून दहा मिनिटे बाहेर फिरून यावे. (यासाठी लंडनलाच जायला हवे असेही नाही. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे नाचणाऱ्या पोरांच्या कानांचा हिशोब हाच आहे. पण ते ऐकतात कुणाचे?)

गर्दीबद्दल थोडक्यात. ३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे ‘द हू’च्या कार्यक्रमाला दारे उघडताना ११ जण गेले. जागा राखीव नव्हत्या, पुढे जाईल त्याची जागा. अशा ठिकाणी माणसे मुख्यतः तुडवली जाऊन मरत नाहीत. छाती इतकी आवळली जाते की श्वास घ्यायला ती फुगतच नाही. आपल्याकडे २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण गेले, ते असेच चेंगरून. म्हणून पन्नाशीनंतर उभ्याचे तिकीट नको, बसायचे घ्यावे. अडकलातच तर हात कोपरात दुमडून छातीपुढे धरावेत, पडलेली वस्तू उचलायला वाकू नये आणि लोंढा सैल झाला की तिरके कडेला सरकावे.

आणखी एक, जे पुरुषमंडळी विचारत नाहीत. स्वच्छतागृहाची रांग नको म्हणून लघवी तुंबवायची, वर बिअर, आणि सर्दीची गोळी घेतलेली. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अशाने पूर्ण अडते आणि नळी घालायला रुग्णालय गाठावे लागते.

रुग्णालयावरून विम्याचे आठवले. ब्रिटनमध्ये परदेशी पाहुण्याला तातडीच्या विभागात मोफत तपासतात, पण दाखल केले की सरकारी रुग्णालयही दीडपट दराने बिल लावते. विमा काढताना मधुमेह, रक्तदाब लपवू नये. लपवलेले उघड होते आणि दावा फेटाळला जातो. कार्यक्रम पुढे गेला तर काय, हेही कलम वाचावे. २००७ साली ‘लेड झेपेलिन’चा लंडनमधला पुनर्मीलनाचा कार्यक्रम जिमी पेजचे बोट मोडले म्हणून २६ नोव्हेंबरवरून १० डिसेंबरला गेला. विमानाची तिकिटे काढून बसलेल्यांचे काय झाले असेल!

परत आल्यावर दोन-तीन दिवसांनीही कानात गुंई आवाज राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी जावे. उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो. आणि चार आठवड्यांपर्यंत एकच पाय सुजला, धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर थेट डॉक्टर गाठावेत. त्यांना विमानप्रवास करून आलो हे पहिल्या वाक्यात सांगावे. मैफल कशी झाली ते नंतर.