दोन पगार, शून्य करकपात आणि जुलैमधील धक्का

बीड, प्रतिनिधी - लष्करातील सेवा पूर्ण करून गावी परतायचे आणि बँकेत किंवा सरकारी कार्यालयात दुसरी नोकरी धरायची, ही वाट बीड जिल्ह्यातील अनेक घरांना परिचयाची आहे. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत 'क' गटाच्या पदांपैकी साडेचौदा टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव असतात. अशा कर्मचाऱ्याच्या खात्यात दरमहा दोन रकमा जमा होतात. एक संरक्षण लेखा खात्याच्या प्रयागराज येथील कार्यालयाकडून 'स्पर्श' प्रणालीमार्फत येणारे निवृत्तिवेतन, दुसरा बँकेचा पगार. दोन्हींतून प्राप्तिकराचा एक पैसाही कापला जात नाही. वर्षभर हे सुखाने चालते आणि जुलैमध्ये विवरणपत्र भरण्यासाठी करसल्लागारापुढे बसल्यावर जवळजवळ लाखभर रुपयांचा भरणा समोर उभा राहतो.

पहिली शंका साहजिकच सल्लागाराच्या हिशेबावर येते. परंतु हिशेब बहुधा बरोबर असतो. चूक झालेली असते ती 'कर कापला गेला नाही, म्हणजे कर लागत नाही' या समजुतीत.

आकडे मांडून पाहिले की गोष्ट स्पष्ट होते. समजा, २०२५-२६ या आर्थिक वर्षात एखाद्या माजी सैनिकाचे निवृत्तिवेतन महिना ४५ हजार, म्हणजे वर्षाचे ५ लाख ४० हजार रुपये होते आणि बँकेचा पगार महिना ७५ हजार, म्हणजे वर्षाचा ९ लाख रुपये. नव्या करप्रणालीत वेतनावर ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर सवलतीमुळे कर शून्यावर येतो. निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाने आपल्यापुरता हिशेब केला, उत्पन्न ४ लाख ६५ हजार, कर शून्य. बँकेनेही आपल्यापुरताच हिशेब केला, उत्पन्न ८ लाख २५ हजार, कर शून्य. दोघांचेही काही चुकले नाही.

कायदा मात्र माणसाचे उत्पन्न एकत्र मोजतो. एकूण १४ लाख ४० हजार रुपयांतून प्रमाणित वजावट एकदाच मिळते, दोन नोकऱ्यांसाठी दोनदा नाही. उरलेल्या १३ लाख ६५ हजारांपैकी पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के आणि उरलेल्या १ लाख ६५ हजारांवर १५ टक्के. हा कर ८४ हजार ७५० रुपये होतो आणि ४ टक्के उपकर धरून ८८ हजार १४० रुपये. १२ लाखांची मर्यादा ओलांडल्यामुळे सवलत संपूर्ण गेली, म्हणून दोन शून्यांची बेरीज शून्य आली नाही. ज्यांचे दोन्ही मिळून वेतन पावणेतेरा लाखांच्या आत आहे आणि अन्य उत्पन्न नाही, त्यांना या वर्षासाठी ही धास्ती नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२४-२५ पर्यंत मात्र सवलतीची मर्यादा नव्या प्रणालीत ७ लाखांचीच होती आणि त्या वर्षांच्या जुन्या मागण्या अद्याप अनेकांच्या मागे आहेत.

वर्षाच्या मध्यात नोकरी बदलणाऱ्यांचीही हीच गत होते. पुण्यात दरमहा एक लाख रुपये मिळवणारा अभियंता ऑक्टोबरमध्ये सव्वा लाखाच्या दुसऱ्या नोकरीवर रुजू झाला, असे धरू. पहिल्या कंपनीने त्याचे वर्षाचे १२ लाख गृहीत धरून काही कापले नाही. दुसरीने फक्त सहा महिन्यांचे साडेसात लाख पाहिले आणि तिनेही काही कापले नाही. वर्षाअखेर कर निघतो ७४ हजार १०० रुपये.

खरे तर हा प्रश्न उद्भवू नये म्हणून १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातच तरतूद होती. कलम १९२, पोटकलम २ प्रमाणे एकाच वर्षात एकापाठोपाठ किंवा एकाच वेळी दोन नियोक्ते असलेला कर्मचारी एका नियोक्त्याला दुसरीकडच्या पगाराचा आणि कपातीचा तपशील 'नमुना १२ ब' भरून देऊ शकतो. तो मिळाल्यावर त्या नियोक्त्याला एकत्रित उत्पन्नावर करकपात करावी लागते. निवृत्तिवेतनही करदृष्ट्या वेतनातच मोडत असल्याने त्याची माहिती बँकेला देता येते. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व कायम आहे. अडचण आहे ती निराळीच. रुजू होताना पुढे येणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात हा नमुना कोणी आवर्जून दाखवत नाही. शिवाय जुना पगार नव्या मालकाला कळू नये, असे वाटणारेही पुष्कळ असतात. त्यांनी तो कळवण्याची सक्ती नाही, मात्र मग अग्रिम कर स्वतः भरण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते.

ती पाळली नाही की व्याज लागते. कपात वजा जाता वर्षाचा देय कर १० हजार रुपये किंवा अधिक असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना हप्त्याने अग्रिम कर भरावा लागतो. वरील माजी सैनिकाने एकही हप्ता भरला नाही आणि सगळी रक्कम जुलैमध्ये भरली, तर हप्ते चुकल्याबद्दल सुमारे साडेचार हजार आणि एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे दरमहा एक टक्का दराने सुमारे साडेतीन हजार, असे आठ हजारांच्या आसपास व्याज होते. हा दंड नव्हे, परंतु टाळता येण्याजोगा खर्च निश्चितच आहे. साठी ओलांडलेल्या आणि व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना अग्रिम करातून सूट आहे, त्यांना हे व्याज लागत नाही.

मोठी रक्कम दिसताच विवरणपत्रच भरायचे नाही किंवा एकच पगार दाखवायचा, हा मोह अनेकांना होतो. तो महागात पडतो. दोन्ही नियोक्त्यांनी दिलेल्या रकमा एकाच पॅन क्रमांकाखाली नोंदल्या जातात. त्या एकमेकांना दिसत नाहीत त्या केवळ नियोक्त्यांना. खात्याला आणि करदात्याला त्या वार्षिक माहिती विवरणात (एआयएस) दिसतात. बेंगळुरू येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रात विवरणपत्र या नोंदींशी ताडून पाहिले जाते. उत्पन्न कमी दाखवल्याचे सिद्ध झाल्यास करावर ५० टक्के दंड होऊ शकतो आणि जाणूनबुजून चुकीचे दाखवल्यास तो दुपटीपर्यंत जातो. सरकारी कर्मचाऱ्याने परवानगीविना दुसरे काम केले असल्यास सेवानियमांचा प्रश्न स्वतंत्रपणे उपस्थित होतो, पण त्या कमाईवरचा कर चुकत नाही.

रक्कम भरण्यापूर्वी काही गोष्टी तपासणे मात्र योग्य. दोन्हीकडचे 'फॉर्म १६' हाती घेऊन त्यातील कपात नमुना २६ एएसमध्ये जमा दिसते का, ते पाहावे. पगारातून कर कापून नियोक्त्याने तो सरकारजमा केलाच नसेल, तर तेवढा कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही. त्यासाठी पगारपत्रके जपून ठेवावीत. लष्करी सेवेतील दुखापतीमुळे सेवेतून बाहेर पडावे लागलेल्यांचे अपंगत्व निवृत्तिवेतन करमुक्त असते, ते बेरजेत धरले गेले नाही ना, हेही पाहावे. जुन्या करप्रणालीची तुलना करून बघायला हरकत नाही. व्यवसायाचे उत्पन्न नसणाऱ्यांना मुदतीत विवरणपत्र भरताना ती निवडता येते. वरच्या उदाहरणात मात्र दीड लाखाची बचत दाखवूनही जुन्या प्रणालीत कर दुपटीहून अधिक होतो.

कर मान्य आहे, पण एकरकमी पैसे नाहीत, ही खरी पंचाईत. विवरणपत्रापूर्वी भरायचा स्वयंनिर्धारण कर टप्प्याटप्प्याने भरता येतो, राहिलेल्या रकमेवर व्याज चढत राहते एवढेच. खात्याची मागणी नोटीस आल्यास ती भरण्यास साधारणतः ३० दिवस असतात आणि त्यानंतर दरमहा एक टक्का व्याज लागते. या ३० दिवसांच्या आत करनिर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यास मुदतवाढ किंवा हप्ते देण्याचा अधिकार त्याला आहे. नोटीस बाजूला ठेवून दोन महिन्यांनी धावपळ करणाऱ्याची ही संधी हातची जाते. आधीच्या वर्षांत दुसरा पगार दाखवायचा राहून गेला असेल, तर करनिर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येते. त्यासाठी कर आणि व्याजाच्या एकूण रकमेवर पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के जादा कर द्यावा लागतो.

चलन भरताना आणखी एक घोळ संभवतो. २०२५-२६ च्या उत्पन्नाचा कर जुन्या कायद्याखाली 'करनिर्धारण वर्ष २०२६-२७' असे निवडून भरायचा असतो. नव्या कायद्यात करनिर्धारण वर्ष ही संज्ञाच राहिलेली नाही. तेथे 'कर वर्ष २०२६-२७' म्हणजे एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ ही कमाई. आकडे तेच, वर्ष वेगळे. घाईत दुसऱ्यावर टिचकी मारणाऱ्याचे पैसे जमा होतात आणि जुन्या वर्षाची थकबाकी तशीच दिसत राहते.