व्यवस्थापनविषयक प्रबंध आणि व्यवहाराची भाषा

व्यवस्थापनशास्त्र ही विद्याशाखा आपल्याकडे तशी अर्वाचीनच होय. कलकत्ता व अहमदाबाद येथील व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या. तथापि पदवी देण्याचा अधिकार त्यांना २०१७ च्या अधिनियमाने मिळाला, आणि तोवर तेथे प्रबंध पूर्ण करणारास ‘फेलो’ ही उपाधी दिली जात असे. विद्यापीठांतील पीएच्. डी.चा मार्ग निराळा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार त्यासाठी किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षांची मुदत असून आरंभी निदान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. या नियमांची माहिती कोणत्याही कार्यालयात मिळते. तिचा विस्तार येथे करण्याचे प्रयोजन नाही. ज्याविषयी नियम फारसे बोलत नाहीत, परंतु ज्यावर प्रबंधाची विश्वसनीयता अवलंबून असते, अशा एका गोष्टीचा येथे विचार करावयाचा आहे. ती म्हणजे पुराव्याची भाषा. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या प्रांतात शिरणे काहींना आगंतुकपणाचे वाटेल, परंतु प्रश्न मुळात शब्दार्थाचाच आहे.

कोल्हापूर परिसरात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यास विषयांची वाण नाही. सहकारी साखर कारखाने, शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेल्या शाहूपुरीतून वाढलेला गुळाचा व्यापार, चपलांचा धंदा ही क्षेत्रे त्याच्या दाराशीच आहेत. या सर्वांचा व्यवहार मराठीत चालतो. प्रबंध मात्र बहुधा इंग्रजीत लिहिला जातो. प्रश्नावली परकीय ग्रंथांतील मापनश्रेणीवरून इंग्रजीत तयार होते, मुलाखतीच्या वेळी तिचे मराठी केले जाते, आणि आलेली उत्तरे पुन्हा इंग्रजीत उतरतात. म्हणजे पुराव्याने भाषेची सीमा दोनदा ओलांडली. पण कोष्टकात त्याची नोंद राहत नाही.

ऊसतोडणीचे उदाहरण घ्या. तोडणीच्या कामात मजुरांची गणना ‘कोयत्या’वर होते. कोयता म्हणजे येथे हत्यार नव्हे. पती व पत्नी मिळून एक कोयता, आणि एकटा मजूर म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादमास ‘तुमच्याकडे माणसे किती?’ असे विचारले असता तो ‘पन्नास कोयते’ म्हणतो, आणि अभ्यासक पन्नास मजूर असे लिहून घेतो. पुढील गणित बिनचूक असले तरी दरडोई तोडणीचा आकडा जवळजवळ दुप्पट येतो, आणि पन्नास स्त्रिया कोष्टकातून नाहीशा होतात. मजुरीचा हिशेबही कोयत्यावरच होत असल्याने स्त्रीची वेगळी मजुरी किती, हा प्रश्नच अशा प्रबंधात उपस्थित होत नाही. संगणकावरील कोणतीही सांख्यिकीय चाचणी हा दोष दाखवू शकणार नाही, कारण दोष आकड्यात नसून एककात आहे.

‘उचल’ हा शब्द याहून फसवा. शेतकरी ‘पहिली उचल’ मागतो तेव्हा घातलेल्या उसाच्या किमतीचा पहिला हप्ता त्याला अभिप्रेत असतो. ते त्याचे येणे होय. २००९ साली रास्त व किफायतशीर दराची पद्धत आली तरी हा शब्द मागे हटला नाही. तोडणी मजुराची उचल मात्र हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली व श्रमाने फेडावयाची रक्कम. ते त्याचे देणे होय. एकाच कारखान्याच्या व्यवहारात एकच शब्द एकाचे येणे व दुसऱ्याचे देणे दर्शवितो! शिवाय मजुरास ‘तुमच्यावर कर्ज आहे काय?’ असे विचारल्यास तो ‘नाही’ म्हणण्याचा संभव आहे, आणि त्यात लपवाछपवी नसते. कर्ज सोसायटीचे किंवा सावकाराचे. उचल ही त्याच्या लेखी निराळी वस्तू आहे.

यावर रूढ उपाय म्हणजे उलट भाषांतराचा. ब्रिसलिन यांनी १९७० साली तो पद्धतशीरपणे मांडला: एकाने केलेले भाषांतर दुसऱ्याने मूळ भाषेत परत न्यावे व दोन्ही पाठ ताडून पाहावेत. हा उपाय उपयुक्त आहे, पण ‘उचल’ शब्दापाशी तो पांगळा पडतो. एक भाषांतरकार त्याचे ‘ॲडव्हान्स’ करील, दुसरा पुन्हा ‘उचल’ करील. पाठ तंतोतंत जुळतील आणि येणे-देणे यांतील घोटाळा जसाच्या तसा राहील. शब्द कोण कोणाशी बोलतो आहे, हे पाहिल्यावाचून तो सुटत नाही.

१९३२ साली लिकर्ट यांनी रूढ केलेल्या पाच पायऱ्यांच्या श्रेणीचीही हीच गत. ‘पूर्णतः सहमत’ ही भाषा परीक्षेच्या कागदावरची. हमालास कामाविषयी समाधान विचारले की तो ‘बरं चाललंय’ म्हणतो. हे समाधान, उदासीनता, की अनोळखी माणसाशी दाखविलेला शिष्टाचार? मधल्या रकान्यात खूण करून अभ्यासक मोकळा होतो.

तेव्हा प्रश्नावली छापण्यापूर्वी क्षेत्रात काही दिवस नुसते ऐकण्यात घालवावेत. त्यासाठी हंगामाचे भान हवे. गाळप साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होते. संशोधनाचा आराखडा फाल्गुनात मंजूर झाला तर तोडणीच्या टोळ्या परतीच्या वाटेवर असतात, आणि मुदतीतील एक वर्ष तसेच जाते. मुलाखती मूळ शब्दांत उतरवून ठेवाव्यात. प्रबंध इंग्रजीत असला तरी त्यास देवनागरीतील शब्दसूची जोडावी, आणि तीत प्रत्येक शब्दापुढे तो कोणी, कोणास व कोणत्या एककाच्या अर्थाने वापरला हे नोंदवावे. गुळाचा ‘रवा’ तीस किलोचा असतो तसा दहा किलोचाही असतो. वजन न नोंदविता नुसते रवे मोजले, तर दोन पेढ्यांच्या उलाढालीची तुलना करताच येत नाही.